गणपतीमागची भिंत : एका जुन्या घरातल्या भेगा, भोकं आणि लोणा

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. मालवण तालुक्यातलं घर, आचऱ्याच्या खाडीपासून थोडं आत. चतुर्थी अठरा दिवसांवर आलेली. घरातले थोरले दादा मुंबईला नोकरी करतात. ते म्हणाले, "माजघरातल्या गणपतीच्या भिंतीला भेगा पडल्यात, खालून पोपडे सुटलेत. तेवढं भरून रंग मारून द्या. भावकी येते, बरं दिसत नाही."

भिंतींच्या दुरुस्तीसाठी असे फोन श्रावणात मला रोज येतात. पण 'गणपतीची भिंत' म्हटलं की मी स्वतः जाऊन बघतो, कारण आमच्या सिंधुदुर्गात ती नुसती भिंत नसते. मूर्तीच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी चित्र काढायची रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. कुठे डोंगर आणि उगवता सूर्य, कुठे मोर, कुठे नुसती वेलबुट्टी. या घरात ते काम धाकट्या काकांचं. त्यांच्याआधी त्यांचे वडील काढायचे. म्हणजे जी भिंत वर्षभर कोणी बघत नाही, तीच भाद्रपदात सगळं गाव बघतं.

भिंत बारा फूट लांब, नऊ फूट उंच. जांभ्याच्या चिऱ्यांची, मातीच्या सांध्यात बांधलेली, वर चुन्याचा गिलावा. पलीकडच्या अंगाला परसू. उजव्या टोकाला २००९ साली स्वयंपाकघर वाढवलं, त्याचा आरसीसी कॉलम जुन्या भिंतीला खेटून उभा. भिंतीत एक लहान खिडकी. सहा वर्षांपूर्वी खालचा तीन फुटांचा जुना चुना खरवडून तिथे सिमेंटचं प्लास्टर केलेलं, सगळ्या भिंतीवर पुट्टीचे दोन हात, वर ऑइलपेंट. पुसता येतो म्हणून.

काका म्हणाले, "दरवर्षी भरतंव नि दरवर्षी उकलता." त्यांनी मला मागच्या चार वर्षांत कुठे कुठे काय भरलं ते बोटाने दाखवलं. पुट्टी, पीओपी, एकदा पांढरं सिमेंट. सगळं सुटलेलं होतं.

भिंत बघताना

भेगा तीन जातींच्या होत्या, आणि तिघींची कारणं वेगळी. ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण चारही वर्षं तिघींना एकच औषध दिलं गेलं होतं.

पहिली आडवी. जमिनीपासून तीन फुटांवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरच्यांना हिची सर्वांत जास्त भीती होती, पाया खचला असं त्यांना वाटत होतं. मी भेगेच्या वर आणि खाली बोटाच्या पेराने ठोकत गेलो. वर आवाज भरीव. खाली जवळपास सगळीकडे बद्द. म्हणजे खालचं सिमेंट प्लास्टर चिऱ्याला धरून नव्हतंच, नुसतं उभं होतं. आडवी भेग ही त्या सिमेंटची वरची कड. पायाशी तिचा काही संबंध नव्हता. दोन वेगळ्या स्वभावाचे गिलावे एकमेकांना भिडले, एक कडक आणि एक मऊ, तिथे ते सुटले.

दुसरी उभी, अगदी सरळ. जुनी भिंत संपते आणि कॉलम सुरू होतो तिथे, वरपासून खालपर्यंत. रुंदी दीड-दोन मिलिमीटर. चिरा ओलाव्याने फुगतो आणि सुकला की आकसतो, काँक्रीटची हालचाल वेगळी. दोघांना बांधणारं आत काहीच नाही. अशा सांध्यात काहीही घट्ट भरा, ते फुटणारच.

तिसरी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, हातभर लांब. तिरकी भेग मी कधीच हलक्यात घेत नाही, कारण खिडकीवरची लाकडी पाटली, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी फळी, वाळवीने खाल्ली किंवा जोतं एका बाजूने बसलं तर ते अशाच भेगेतून दिसतं. पाटली टोचून बघितली, खणखणीत होती. भेगेच्या कडा गोल झालेल्या, आत धूळ आणि जुन्या रंगाचे थर. म्हणजे जुनी भेग, बहुधा बरीच वर्षं निपचित. पण 'बहुधा'वर काम करायचं नाही. मी भेगेवर आडवी काचेची अरुंद पट्टी दोन टोकांना चिकटवली आणि भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. उभ्या भेगेच्या दोन बाजूंना दोन बारीक खिळे मारले आणि त्यांच्यामधलं अंतर व्हर्नियरने मोजलं : ४१.२ मिलिमीटर.

इथे एक सांगून ठेवतो. भेग मिलिमीटरच्या आत असेल आणि वाढत नसेल तर ती बहुतेक वेळा गिलाव्याची असते. पाच मिलिमीटरच्या वर गेली, दारं-खिडक्या अडकायला लागल्या, किंवा स्लॅब-बीममध्ये सळीच्या रेषेत सरळ भेग आणि तिच्याबरोबर तांबूस डाग दिसला, तर रंगाऱ्याला नव्हे, इंजिनिअरला बोलवा. गंजलेली सळी मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते आणि काँक्रीट आतून फोडते. वरून पुट्टी लावणं म्हणजे ते झाकून ठेवणं.

मग तो पोपडा. कडेचा एक हाताच्या पंजाएवढा पोपडा अलगद निघाला. उजेडात धरून त्याची कड बघितली. बाहेरून ऑइलपेंटची पिवळट साय, मग पुट्टीचा पांढरा थर, आणि त्याच्या मागे चुन्याचे कागदासारखे पातळ थर एकावर एक, मधेमधे निळीची रेघ, गेरूची रेघ, पिवडीची रेघ. एकेका चतुर्थीचं चित्र आणि त्यावर पुढच्या वर्षी मारलेला चुना. मी वीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. काकांनी तो पोपडा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. इतकी वर्षं चुना सुटला नव्हता. सुटला तो त्याच्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट चढल्यावर.

पोपड्याच्या पाठीवर पांढरे, कापसासारखे तंतू होते. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ.

ओल कुठून, लोणा कशाने

रात्री दीड फूट चौरस प्लॅस्टिक कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. एक खाली, सुटलेलं खरवडून. एक वर पाच फुटांवर. दुसऱ्या दिवशी खालच्या कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब जमलेले. थेंब खोलीकडच्या अंगाला असते तर दोष हवेतल्या दमटपणाचा. इथे ओल भिंतीतून येत होती. वरचा कागद भिंतीकडून कोरडा.

परसवात गेल्यावर कारण समोरच दिसलं. पेव्हर ब्लॉक घालताना जमीन नऊ इंच वाढवली होती, त्यामुळे जोत्याची वरची कड बुडाली होती. कौलांना पन्हळ नव्हती. पागोळीचं पाणी पेव्हरवर आपटून थेट भिंतीवर उडत होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र. तो पाणी पितो. त्यात त्याचा दोष नाही. पूर्वी तो पितही होता आणि चुन्यातून श्वासासारखं बाहेर टाकतही होता. सिमेंट आणि ऑइलपेंटने ती वाट बुजवली. मग ओल सिमेंटच्या पट्ट्याच्या मागून वर चढली आणि जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर पडली. म्हणूनच सर्वांत जास्त पोपडे आडव्या भेगेच्या आसपास.

लोण्याचं गणित समजून घेतलं की कोकणातल्या अर्ध्या भिंती कळतात. खाडीची वाळू नीट न धुता प्लास्टरमध्ये गेली की मीठ भिंतीत येतं, आणि खाऱ्या वाऱ्यातूनही येतं. साधं मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की हवेतून पाणी ओढून विरघळतं, खाली आला की पुन्हा खडे धरतं. आषाढ-श्रावणात आपली हवा त्या रेषेच्या बऱ्याच वर असते, म्हणून भिंतीला घाम आल्यासारखा दिसतो. दिवाळीनंतर हवा सुकते, मीठ रंगाच्या सायीखाली खडे धरतं आणि ती साय ढकलून पाडतं. पावसाळ्यात भरलेली भिंत म्हणूनच मार्गशीर्षात सुटते, आणि मालक म्हणतो, पुट्टी खराब होती.

म्हणून मी सांगितलं, या वर्षी भिंत भरायची नाही.

दादा नाराज झाले, ते साहजिक होतं. आजी पाटावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भितीर कायतरी काढूक व्हया रे बाबा. कोऱ्या भितीफुडे गणपतीक बसवतलंव काय?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनीच तोड काढली. बांबूची चौकट, तिच्यावर ताणलेलं मांजरपाट, आणि चित्र त्यावर. चौकट भिंतीपासून वीतभर पुढे उभी केली, मागून वारा खेळता राहिला. आम्ही सुटलेलं तेवढं खरवडून, कोरड्या ब्रशने लोणा झाडून घेतला. पाण्याने धुतला असता तर मीठ विरघळून पुन्हा आतच गेलं असतं.

दिवाळीनंतर

काम बाहेरून सुरू झालं. भिंतीलगतचे दोन फुटांतले पेव्हर काढले, जमीन नऊ इंच खाली नेली, जोत्याची कड उघडी केली. तिथे खडी भरून उतार दिला, कौलांना पन्हळ लावली. आत खालचं सिमेंट प्लास्टर पूर्ण उतरवलं. बहुतेक नुसतं थापीचं टोक घालताच खाली आलं. सगळ्या भिंतीवरचा ऑइलपेंट आणि पुट्टी घासून काढली. मातीचे सांधे अर्धा इंच खोल मोकळे केले आणि भिंत उघडी ठेवली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचा मध्य. दर आठवड्याला लोणा कोरडा झाडायचा, सुपलीत भरायचा, बाहेर नेऊन टाकायचा. हे काम वहिनींनी अंगावर घेतलं. पहिल्या आठवड्याला मुठी-दोन मुठी निघायचा, शेवटी चमचाभर.

हा काळ घरच्यांना जड जातो. पैसे गेलेत, भिंत भकास दिसते, पाहुणे विचारतात. पण माझ्या अनुभवात भिंत बिघडते ती बहुतेक वेळा या तीन महिन्यांची घाई केल्याने.

काचेची पट्टी अखंड राहिली. तिरकी भेग मेलेली होती. खिळ्यांमधलं अंतर फेब्रुवारीत ४२.० भरलं. म्हणजे पावसाळ्यापेक्षा सांधा ०.८ मिलिमीटर उघडला. भिंत सुकून आकसली होती.

गिलाव्यासाठी भिजवून मुरवलेला चुना आणला. वाळू नदीची मागवली होती, तरी मिस्त्रींनी चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. "खारी आसा. आणि एकदा धुवक व्हयी." ती तीन पाण्यांतून काढली. एक भाग चुना, तीन भाग वाळू, थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेचा भुगा. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, महिन्याला एखादा मिलिमीटर. सुरखीमुळे तो ओलीतही धरतो.

पहिला प्रयत्न फसला आणि चूक माझी होती. खिडकीजवळ दोन फूट चौरस तुकडा थापून बघितला. फेब्रुवारीतला सकाळचा मतलई वारा खिडकीतून थेट त्यावर. दुसऱ्या दिवशी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. चुना धरण्याआधी वाळला होता. तो उतरवला. खिडकीला गोणपाट बांधलं, चिरे आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिजवले, थर दहा मिलिमीटरच्या वर जाऊ दिला नाही, आणि दहा दिवस दिवसातून तीनदा हलकं पाणी शिंपडलं. दोन थर, मध्ये आठवडा. वरचा थर रंध्याने घोटताना मिस्त्रींनी तासाभराने पुन्हा दाबून घेतला. बारीक भेगा मिटतात त्या याच दाबण्याने.

तिरकी भेग छिन्नीने व्ही आकारात उघडली, बोटभर रुंद. आतली धूळ ब्रशने काढून, भिजवून, त्याच चुन्याने दोन वेळा भरली. भेग न उघडता वरून लेप दिला की तो फक्त कडांना चिकटतो.

आता भोकं. या भिंतीत एकतीस होती. माटवीचे (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायच्या चौकटीचे) खिळे, जुन्या लाकडी बटणपट्टीच्या गिट्ट्या, म्हणजे भिंतीत ठोकलेले लाकडी तुकडे, घड्याळ, टीव्हीचा ब्रॅकेट, आणि वायरिंगसाठी खोदलेला एक लांब चर. चर पीओपीने भरलेला. नख लावलं तर ओल्या खडूसारखा निघाला. पीओपी म्हणजे जिप्सम, ओलीत तो मऊ पडतो, आणि ओलीत सिमेंटच्या संगतीत असला तर फुगून शेजारचंही सोडवतो. कोकणातल्या बाहेरच्या भिंतीत मी तो भरू देत नाही, कितीही लवकर सुकत असला तरी. सगळा कोरून काढला.

गिट्ट्या मात्र सोपं काम वाटत असूनही त्रास देतात. लाकूड भिंतीत राहिलं तर पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि वरचा भराव चकतीसारखा पडतो. सगळ्या उपटल्या. एका गिट्टीच्या मागे वाळवीची माती लागली, त्या रांगेत औषध घातलं. मोठं भोक बाहेरून अरुंद आणि आतून रुंद करून घेतलं की भराव अडकून बसतो. भिजवायचं, दोन थरांत भरायचं, पहिला थर पृष्ठभागापासून थोडा आत ठेवायचा. खिळ्याची बारीक भोकंही एका फेरीत भरली जात नाहीत. सुकताना मध्ये खळगा पडतो, दुसऱ्या दिवशी पत्र्याने पुन्हा लेप द्यावा लागतो. माटवीसाठी नवे खिळे न ठोकता वरच्या वाशाला कायमचे हूक लावले.

उभ्या सांध्यात आम्ही काहीच घट्ट भरलं नाही. कड सरळ कापून घेतली, आत फोमची दोरी दाबली, वर लवचीक अॅक्रिलिक सीलंट, आणि त्यावर फणसाच्या लाकडाची दोन इंची पट्टी. पट्टी फक्त कॉलमच्या बाजूने स्क्रूने बसवली. दोन्ही बाजूंना बसवली असती तर भिंतीने ती चिरली असती किंवा स्वतः दुसरीकडे फुटली असती. हा सांधा हलणार आहे हे मान्य करून त्याला हलायला जागा दिली.

बाकीच्या खोल्यांचं थोडक्यात. स्वयंपाकघर नवं, सिमेंटचं आणि कोरडं. तिथे पुट्टीच वापरली, दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आत. खड्डा त्याहून खोल असेल तर आधी तो गिलाव्याच्या मसाल्याने भरायचा, पुट्टीने नाही. बीम आणि चिरा जुळतात तिथल्या भेगेवर सहा इंची फायबरची जाळी बसवून त्यावर पॉलिमर मसाला.

गणपतीच्या भिंतीवर एप्रिलमध्ये चुन्याचे तीन पातळ हात दिले.

पुढची चतुर्थी आणि त्यानंतर

चित्रासाठी काकांनी पोस्टर कलर आणून ठेवले होते. चुन्यावर त्यातले बरेच रंग उडतात. मी त्यांना वडिलांचेच रंग वापरायला सांगितले : गेरू, पिवडी, नीळ, काजळ. हे चुन्याला सोसतात. काकांनी दोन संध्याकाळ बसून डोंगर, माड आणि खाडी काढली. जिथे आडवी भेग होती त्या उंचीवर पाण्याची रेघ आली. ती त्यांनी ठरवून तिथे घेतली की सहज आली, ते मी विचारलं नाही. आजी समोर बसून कुठे निळा कमी पडलाय ते सांगत होत्या.

कार्तिकात पुन्हा गेलो. तिरक्या भेगेच्या जागी काही नाही. भोकांपैकी दोन ठिकाणी केसाएवढी गोल रेघ, चुन्याच्या पुढच्या हाताने बुजेल. फणसाच्या पट्टीच्या भिंतीकडच्या कडेला नखाएवढी फट दिसली. सांधा उघडतोय, अपेक्षेप्रमाणे. दाराच्या उंबऱ्याजवळ वीतभर जागेत लोणा पुन्हा दिसला, कारण तिथे बाहेरची पायरी अजून भिंतीला टेकलेली आहे आणि तिच्यामागे पाणी थांबतं. वहिनींनी तो ब्रशने झाडून सुपलीत घेतला. यंदा माघात पायरी सोडवून एक इंच पुढे घ्यायची ठरली आहे.